सूनबाईला सोबत म्हणून

रविवार, ३ मार्च

आज एकसष्टाव्या वर्षी मी सॉफ्टबॉलच्या संघात दाखल झालो. हौस म्हणून नव्हे. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढेमागे कुणाच्या हाती ही वही लागली तर गैरसमज नको.

झालं असं की सूनबाई गेले दोन महिने आमच्या भागातल्या लीगमध्ये खेळायला जाते. बायका आणि पुरुष एकाच संघात असतात, दहा जण मैदानावर, आणि बॅटिंगला एक पुरुष, एक बाई असं आळीपाळीने यायचं. पुरुष कमी पडला तर त्याच्या पाळीला फुकटचा आउट जातो. परवा जेवताना ती ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा, आमच्याकडे एक पुरुष कमी पडतोय."

"मग चिरंजीवांना ने," मी म्हणालो. चिरंजीव म्हणजे माझा मुलगा, तिचा नवरा. घरबसल्या कंपन्यांना नकाशे काढून देतो. त्याला खुर्ची आणि वीज मिळाली की बाकी जग असलं काय, नसलं काय.

"माझी पाठ दुखते," चिरंजीव ताबडतोब म्हणाले. हे मला नवीन होतं. सकाळीच त्यांनी गॅसचा सिलिंडर दोन जिने वर आणला होता.

"आणि मला एकटीला जायला कसंसंच वाटतं," सूनबाई म्हणाली.

इथे मी विरघळलो. पोर पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते, दिवसभर बाटल्या नि नळ्या. माणसांची सवय कुठून असणार? घरचं कुणीतरी सोबत हवं. ही असती तर म्हणाली असती, जा हो, एवढं काय त्यात. ही, म्हणजे माझी बायको, जाऊन सतरा महिने झाले.

तर गेलो. कर्णधार एक पंचेचाळिशीच्या बाई आहेत, शहर बस चालवतात. सगळे त्यांना बसताई म्हणतात. आवाज असा की शेवटच्या सीटवरचा माणूसही आपोआप पुढे सरकेल.

"काका, पळता येतं का?"

"गरज पडली तर."

"आपल्या संघात गरज फारशी पडत नाही," त्या म्हणाल्या आणि मला राइट फील्डला उभं केलं. राइट फील्ड म्हणजे मैदानाचा उजवा कोपरा. चेंडू तिकडे पाहुण्यासारखा येतो, कधीतरी आणि न कळवता.

झाडाखाली आणखी दोन पुरुष बसले होते, एक गवंडी आणि एक शाळेतला शिपाई. दोघांचेही गुडघे दुखतात म्हणे, म्हणून बाहेर. चहा आला तेव्हा गवंडी सगळ्यांच्या आधी धावत गेला. चहापुढे माणूस दुखणं विसरतो, हे मी पाहिलंय.

सूनबाई मैदानात बरीच आरडाओरड करत होती. लाजाळू माणसं कधीकधी अशी मोकळी होतात. मी गेल्याचा फायदा झाला.

रविवार, १० मार्च

पहिला सामना. समोर अग्निशमन दल. दोन विरुद्ध एकोणीस. दोन आमचे.

मी घडीचं स्टूल घेऊन गेलो होतो. राइट फील्डला ते मांडून बसलो तर अंपायर, जो एरवी न्हावी आहे आणि माझे केस कापतो, लांबून ओरडत आला, "बसून खेळता येत नाही!"

"नियमात कुठे लिहिलंय?"

"लिहायची वेळच आली नव्हती आजवर!"

स्टूल जप्त झालं.

बॅटिंगचं म्हणाल तर चेंडू खालून, कमान करून, इतका सावकाश येतो की माणसाला विचार करायला वेळ मिळतो. तिथेच घात होतो. मी तिन्ही वेळा सखोल विचार केला आणि तिन्ही वेळा आउट झालो. परत येताना अग्निशमन दलाचा कॅचर म्हणाला, "छान स्टाइल आहे काका." त्याचा वरचा डावा सुळा आडवा आहे.

मी दात करतो. दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर तोंडात बघतात, माप घेतात आणि माझ्याकडे धाडून देतात. कवळ्या, कॅपा, ब्रिज, चौतीस वर्षं झाली. घराची पुढची खोली म्हणजे माझी लॅब. त्यामुळे मला माणूस आधी दातांवरून कळतो, मग तोंडावरून.

मंगळवार, १२ मार्च

अंग कुठे कुठे दुखतंय ते लिहायला वही पुरणार नाही. कान दुखत नाहीत.

रविवार, ३१ मार्च

आज चेंडू माझ्याकडे आला. उंच, थेट डोक्यावर. मी हात वर केले, चेंडू ग्लोव्हला लागून छातीवर, छातीवरून पोटावर, आणि पोट व हनुवटी यांच्यामध्ये कसा कोण जाणे अडकला. अंपायरने वाकून बघितलं, चेंडू जमिनीला टेकला नव्हता. आउट! सगळा संघ माझ्या अंगावर धावून आला. बसताई ओरडल्या, "काकांनी पोटात घातलं!" सामना हरलोच, पण त्याचं कुणाला काही वाटलेलं दिसलं नाही.

एक गोष्ट नोंदवण्यासारखी. सूनबाईच्या ओळखी वाढल्या तशी घरची वर्दळ वाढली आहे. मंगळवारी गवंडी लॅबची निखळलेली फरशी बसवून गेला. पैसे म्हटलं तर कानावर हात. शिपाई शाळा सुटली की येतो, स्टुलावर बसतो, मी मेण कोरतो ते बघत बसतो. बसताईंची शेवटची फेरी आमच्या चौकात संपते, त्याही डोकावतात. सूनबाई त्या वेळी नेमकी कामावर असते. मग काय करणार, मलाच बोलत बसावं लागतं. चहापत्ती महिन्याला दुप्पट लागते. सूनबाईला म्हटलं तर ती म्हणाली, "आणते मी अजून, बाबा." तक्रारीचा सूर तिला कळलाच नाही.

शनिवार, १३ एप्रिल

घरात काहीतरी शिजतंय. मी खोलीत शिरलो की दोघं गप्प होतात. बुधवारी सूनबाई त्यांची खोली टेपने मोजत होती. विचारलं तर म्हणाली, "सहज." खोली सहज कोण मोजतं? चिरंजीव तिला जड काही उचलू देत नाहीत, पुस्तकांचे खोके स्वतः बांधून माळ्यावर ठेवले, पाठ दुखत असताना. काल जेवताना ती माझ्याकडे बघता बघता उठून मोरीपाशी गेली, तोंडावर पाणी मारलं.

मी काही कालचा नाही. चिरंजीवांच्या वेळी हीसुद्धा अशीच मधेच उठून जायची.

सूनबाईला दिवस गेले आहेत.

कुणाला बोललो नाही. त्यांना आपणहून सांगू दे. पण खोली मोजली ती पाळण्यासाठीच, हे शेंबडं पोरही सांगेल. आज बाहेर फिरून आलो. उगाचच. खेळण्यांच्या दुकानासमोर थोडा वेळ थांबलो, तेही उगाचच.

रविवार, १४ एप्रिल

सूनबाई आज बेसवर पोचायला दोनदा घसरत गेली. सामना संपल्यावर चहाच्या घोळक्यातच बसताईंना गाठलं.

"ताई, एक विनंती. आमच्या सूनबाईला आता घसरू देऊ नका. पळू पण फार नको."

"का बरं?"

"आता कसं सांगू. घरात पाळणा हलणार आहे."

बसताईंच्या तोंडात चहाचा घोट होता. तो गवंड्याच्या बुटांवर गेला. त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता म्हणून गेल्या, "अहो काका, पाळणा नाही हो हलणार, बिऱ्हाड हलणार आहे!"

मग त्यांनी जीभ चावली. गवंडी बूट पुसत राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ. शिपाई आभाळाकडे बघू लागला.

सगळ्यांना माहीत होतं. राइट फील्डपर्यंत बातमी पोचायला वेळ लागतो, एवढंच.

घरी येताना सूनबाईने रस्त्यात सगळं सांगितलं. दुसऱ्या शहरात, गाडीने अकरा तास, तिथल्या पाण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत प्रमुख म्हणून तिची निवड झाली आहे. पत्र डिसेंबरात आलं. तिने रुजू व्हायची तारीख दोनदा पुढे ढकलून घेतली. "तुम्हाला कसं सांगावं कळत नव्हतं, बाबा. तुम्ही पण चला ना आमच्याबरोबर."

"आणि लॅब? आठ डॉक्टर माझ्यावर अवलंबून आहेत," मी म्हणालो. खरं तर पाच. आणि हिच्या हातचं घर सोडून मी जाणार कुठे? हे मात्र बोललो नाही.

शुक्रवार, १९ एप्रिल

लिहायला काही नाही.

रविवार, २८ एप्रिल

गेलो नाही. पाठ दुखते म्हणून सांगितलं. आमच्या घरात पाठ हे कारण चालतं.

दुपारी ताप आल्यासारखं वाटलं, मोजला तर नव्हता. पाच वाजता सामना सुरू झाला असेल म्हणून खिडकीपाशी गेलो. मैदान खिडकीतून दिसत नाही, हे मला माहीत आहे.

मंगळवार, ३० एप्रिल

सूनबाई लॅबमध्ये आली. मी एका कवळीला हिरडीचा रंग देत होतो. ती समोरच्या स्टुलावर बसली.

"बाबा, मी नकार कळवून टाकते. सोमवारी शेवटची मुदत आहे. इथली नोकरी काय वाईट आहे?"

मी ब्रश धुतला. पुसला. पुन्हा धुतला.

"तुमचा विचार काय?" तिने विचारलं.

मी काहीच बोललो नाही. ती थोडा वेळ बसली आणि गेली.

खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. गप्प बसलो म्हणजे मी काही तिला अडवलं नाही. तिनेच ठरवलं. उद्या कुणी विचारलं तर हेच सांगेन. आज पंधरा दिवसांनी डोळा लागेल असं वाटतं.

गुरुवार, २ मे

सकाळी दारात बसताई. तोंडावर रुमाल. रविवारी चेंडू उसळून पुढच्या दातावर बसला, दात अर्धा तुटला. डॉक्टरांनी माप घेऊन रंग जुळवायला माझ्याकडे पाठवलं होतं.

"मी नव्हतो म्हणून तुमच्या नावावर एक फुकटचा आउटही गेला असेल ना?" मी विचारलं.

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. "गेला ना," त्या म्हणाल्या. "फार नुकसान झालं."

दातांचा रंग दिवसाच्या उजेडात बघावा लागतो. त्यांना खिडकीपाशी बसवलं. रंगांचे नमुने एका पट्टीवर लावलेले असतात, एकेक ओठाशी धरून बघायचा, आणि समोरच्याने तोंड उघडं ठेवून गप्प बसायचं. बसताईंना मी पहिल्यांदाच गप्प बघत होतो. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मीच बोलायला लागलो.

म्हटलं, ताई, पोर नकार कळवते म्हणाली आणि मी मिठाची गुळणी धरल्यासारखा बसून राहिलो. "नको" एवढा एकच शब्द बोलायचा होता, दोन अक्षरी. निघाला नाही. म्हटलं, ही गेली तेव्हा घरात वाटाणा पडला तरी आवाज यायचा. सकाळी सूनबाई भांडी आपटायला लागली की मला कळायचं, उजाडलं. ती गेली तर मला कसं कळणार? म्हटलं, मी वाईट माणूस नाही हो, पण दोन दिवस मला छान झोप लागतेय, आणि त्याचीच लाज वाटते.

बोलता बोलता मी सोळाच्या सोळा रंग लावून बघितले. तिसराच जुळला होता.

पट्टी काढल्यावर बसताईंनी जबडा दोनदा हलवून बघितला. मला वाटलं, आता शिव्या.

"ती राहिली तर तुम्हाला बरं वाटेल?" त्यांनी विचारलं.

"वाटेल."

"किती दिवस?"

मी प्रामाणिकपणे हिशेब करून बघितला. "दोन दिवस वाटलं," मी म्हणालो. "आता ओसरत चाललंय."

"मग बघा बुवा," त्या म्हणाल्या. "आणि माझा दात लवकर करा. रविवारी ओरडताना हवा जाते."

त्यांची बस चौकात गर्दीसकट उभी होती. लोक खिडक्यांतून आमच्या घराकडे बघत होते.

त्याच दिवशी, संध्याकाळी

सूनबाई जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. चिरंजीव कांदा चिरत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"तुमची खोली कधी रिकामी होणार आहे?"

"काय?" दोघं एकदमच म्हणाले.

"मला माझी दात भाजायची भट्टी आत हलवायची आहे. पुढच्या खोलीत दुपारी जीव उकडून निघतो. तुमच्या खोलीला दोन खिडक्या आहेत. डिसेंबरपासून पत्र घेऊन बसलात, माणसाने वाट तरी किती बघायची?"

"बाबा," चिरंजीव सुरी खाली ठेवत म्हणाले, "तुम्हाला आधी भट्टीचं—"

"भट्टी उचलायला चार माणसं लागतात. मला गवंड्याला आधी सांगावं लागेल. तारीख सांगा."

सूनबाई माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. मग रडली, मग परत हसली, आणि लॅपटॉपवर जे लिहिलं होतं ते पुसताना तिला अक्षरं दिसेनात. लग्न होऊन आली तेव्हापासूनची खोली, माणसाला वाईट वाटणारच. मी तिला सांगितलं, खोली काही पळून जात नाही, कधी आलात तर भट्टी सरकवता येते.

रविवार, १२ मे

सूनबाईचा शेवटचा सामना. समोर सार्वजनिक ग्रंथालयाचा संघ. ते खालून दुसरे, आम्ही खालून पहिले. तरी बसताईंनी सामन्याआधी भाषण केलं. नवीन दात उन्हात चमकत होता. रंग अगदी हुबेहूब बसलाय, हे मला मैदानाच्या मध्यापासून दिसत होतं.

शेवटच्या डावात नऊ-नऊ. सूनबाईने चेंडू असा हाणला की ग्रंथपाल तो शोधायला झुडपात शिरले आणि ती तिसऱ्या बेसपर्यंत पोचली. एक आउट झालेला. तिच्या पाठोपाठ बॅटिंगला मी.

"काका, विचार करू नका!" बसताई ओरडल्या. "काहीही करा, पण विचार नको!"

नाही केला. डोळे मिटले आणि बॅट फिरवली. टक्क आवाज झाला. चेंडू जमिनीवरून, एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या चालीने, दुसऱ्या बेसकडे निघाला. मी पहिल्या बेसकडे निघालो. आम्हा दोघांचा वेग साधारण सारखा होता. त्यांनी तो उचलून फेकला तेव्हा मी अर्ध्या वाटेवर होतो. आउट.

मान खाली घालून वळलो तर सगळे ओरडत होते. तेवढ्यात सूनबाई तिसऱ्या बेसवरून होमवर पोचली होती, म्हणजे एक धाव. दहा-नऊ. तीन वर्षांतला संघाचा पहिला विजय. अंपायरने नियमाची तिळमात्र पर्वा न करता माझी पाठ थोपटली. आउट मी झालो होतो आणि खांद्यावर मलाच घेतलं, म्हणजे प्रयत्न केला. गवंड्याचा गुडघा त्यात दुखावला. आधीचा नव्हे, दुसरा.

रविवार, २६ मे

सकाळी ट्रक गेला, दुपारी ती दोघं. सूनबाईने फ्रिजवर सूचनांचा कागद लावला आहे, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. मागची बाजू कशी वाचायची ते विचारायचं राहिलं.

निघताना तिने मला मिठी मारली. आमच्याकडे तशी सवय नाही. हात कुठे ठेवावेत या विचारात मी होतो तोवर ती झालीसुद्धा.

घरात आलो. वाटाणा पडला असता तर ऐकू आला असता. मग दाराशी खाकरल्याचा आवाज झाला. शिपाई. सूनबाई गेल्याचं त्याला बहुतेक माहीत नसावं, सवयीने आला. चहा टाकला.

रविवार, २ जून

हरलो. चार-सतरा. मला सेकंड बेसवर घेतलंय, सूनबाईच्या जागी एक पोस्टातल्या बाई आल्या आहेत. त्यांना नियम ठाऊक नाहीत. सांगावे लागतात. वेळ जातो.

गुरुवार, १३ जून

सूनबाईचा फोन रोज संध्याकाळी सहाला येतो. नवं शहर, नवी माणसं, बिचारीला करमत नसणार. कुणाचा तरी आधार हवा. म्हणून मी साडेपाचलाच हात धुऊन फोन समोर ठेवतो, तिला ताटकळावं लागू नये. काय जेवलात, कोण आलं होतं, औषध घेतलं का, असं काहीबाही विचारत राहते. मी सगळं सविस्तर सांगतो. तेवढंच तिचं मन रमतं.

आज मात्र गडबड झाली. बसताईंनी जादा सराव ठेवला होता, साडेपाच ते सात. पोस्टातल्या बाईंना झेल शिकवायचे होते, ते काम माझ्याकडे. फोन पिशवीत, पिशवी झाडाखाली. सरावानंतर गवंड्याने कोपऱ्यावर सगळ्यांना चहा पाजला, तिथे अग्निशमन दलाचा तो आडव्या सुळ्याचा भेटला, त्याच्याशी पुढच्या सामन्यावरून वाद झाला. घरी येऊन फोन बघितला तर साडेआठ वाजले होते आणि तिचे नऊ मिस्ड कॉल. चिरंजीवांचे चार.

घाबरून लगेच लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"बाबा! कुठे होतात तुम्ही?"

"अगं, मैदानावर होतो. मग चहाला. फोनचं लक्षातच नाही राहिलं बघ."

मला वाटलं, लाइन तुटली.

"रागावलीस का?" मी विचारलं. "उद्यापासून लक्षात ठेवीन. मला कळतं गं, तुला वाट बघावी लागते."

"नाही, बाबा," ती म्हणाली. आवाज एकदम बसका. "नाही ठेवलंत लक्षात तरी चालेल."

मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि चिरंजीवांनी फोन घेतला, म्हणाले सगळं ठीक आहे, उद्या बोलू.

तिला सर्दी झाली आहे. तिकडची हवा मानवलेली दिसत नाही. उद्या सांगतो, गरम पाणी पी म्हणून. उद्या मात्र सहाला घरी नाही, पोस्टातल्या बाईंना अजून झेल जमत नाहीत. सातनंतर मीच लावतो.